आंत्वान द सेंत-एक्झुपेरी

सुट्टीत विमानाने प्रवास करून आलेले पालक हल्ली एक गोष्ट हटकून सांगतात. विमानात पाऊल टाकताना कॉकपिटचे दार उघडे असते, सहज आत नजर जाते, आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून बसलेला तेथील तरुण आपल्या थोरल्या मुलाहून फारसा मोठा नसावा असे दिसून छातीत किंचित धस्स होते. ही धास्ती अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या देशात १८ वर्षे पूर्ण झालेल्या व २०० तास उड्डाण केलेल्या उमेदवारास, नेमलेल्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. अमेरिकेत २००९ साली बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा तेथे मोठी ओरड झाली आणि २०१३ पासून सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांची अट घालण्यात आली. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांच्या नावावर १५०० हून अधिक तास अगोदरच जमा होते.

तेव्हा तासांची बेरीज म्हणजेच अनुभव, की अनुभव ही काही निराळीच वस्तू आहे? हा विचार मनात घोळत असता आम्हास एका फ्रेंच वैमानिकाच्या चरित्राची आठवण झाली. आंत्वान द सेंत-एक्झुपेरी हे नाव आमच्या विद्यार्थ्यांस छोट्या राजपुत्राच्या गोष्टीचे कर्ते म्हणून ठाऊक असेल. तथापि हे गृहस्थ अनेक वर्षे विमान चालवूनच पोट भरीत होते, आणि त्या विमानात मुख्यतः माणसे नसून पत्रे असत. आज जगभर प्रवासी वाहून नेणाऱ्या एअर फ्रान्स या कंपनीत १९३३ साली ज्या जुन्या संस्था विलीन झाल्या, त्यांपैकी एक म्हणजे हीच टपालाची लाईन होय.

त्यांचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधील लिओं शहरी एका खानदानी परंतु फारशा सधन नसलेल्या घराण्यात झाला. पाच भावंडांत ते तिसरे. ते चार वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले, आणि पुढे सर्व भार आईवर पडला. शिक्षण प्रथम ल मां येथील जेझुइट फादरांच्या शाळेत व नंतर स्वित्झर्लंडात फ्रीबूर येथील एका मिशनरी विद्यालयात झाले. अभ्यासात ते काही चमकले नाहीत. कपड्यांवर शाईचे डाग आणि चित्त भलतीकडेच, अशी त्यांची मूर्ती असे. १९१२ च्या उन्हाळ्यात, वयाच्या बाराव्या वर्षी, घराजवळच्या आंबेर्यू येथील विमानतळावर जाऊन आईची परवानगी आहे असे त्यांनी एका वैमानिकास खुशाल सांगितले व आयुष्यातले पहिले उड्डाण साधले. परवानगी अर्थातच नव्हती. (हा प्रसंग आम्ही केवळ सत्यास धरून सांगत आहोत. अनुकरणासाठी नव्हे!) १९१७ साली धाकटा भाऊ फ्रांस्वा दुखण्याने गेला, आणि त्या मृत्यूची छाया त्यांच्या मनावरून पुढे कधीच हटली नाही.

नौदलाच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले. १९२१ साली सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी विमानदलात त्यांची नेमणूक झाली, परंतु ती जमिनीवरच्या कामावर. तेव्हा आईकडून पैसे मागवून त्यांनी खाजगी शिकवणी लावली व विमान चालविण्याची विद्या हस्तगत केली. १ मे १९२३ रोजी पॅरिसजवळच्या ल बुर्जे तळावर त्यांचे विमान कोसळून त्यांच्या डोक्याची कवटी फुटली. ज्या मुलीशी विवाह ठरला होता तिच्या घरच्या मंडळींस हा विमानाचा नाद पसंत नव्हता. काही दिवसांनी तो विवाहही मोडला. मग कौलांच्या कारखान्याच्या कचेरीत कारकुनी झाली, मालमोटारी विकण्याची फिरती झाली. त्या सबंध फिरतीत त्यांनी एकच मोटार खपविली असे सांगतात. वयाची पंचविशी उलटली तरी हातास काही लागले नव्हते. अशा वेळी त्यांचे जुने शिक्षक आबे स्युदूर या धर्मगुरूंनी लातेकोएर कंपनीच्या एका संचालकाकडे त्यांची शिफारस केली. १९२६ च्या ऑक्टोबरात ते तुलूझ येथे रुजू झाले.

या कंपनीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. महायुद्ध संपल्यावर उरलेली ब्रेगे जातीची जुनी लढाऊ विमाने घेऊन तिने १९१९ साली तुलूझहून स्पेनवरून मोरोक्कोपर्यंत टपाल नेण्यास आरंभ केला आणि १९२५ पर्यंत ही वाट सहारा वाळवंटाच्या काठाकाठाने डाकारला नेऊन पोहोचविली. विमानात वैमानिक उघड्यावर बसे, पाऊसवारा थेट तोंडावर घेई. रेडिओ नव्हता. वाट शोधायची ती खाली पाहून. नदी, आगगाडीचा रूळ, समुद्रकिनारा हेच वाटाडे. इंजिनाचा भरवसा इतका थोडा की, पुढे इंजिन बंद पडले तर कोणत्या शेतात उतरता येईल हे वैमानिकाने सतत हेरून ठेवावे लागे. ढगांनी डोंगर झाकले की अशा विमानास आंधळ्याची गत येई. कित्येक तरुण या वाटेवर प्राणास मुकले.

तळावरील कामकाजाचे प्रमुख दिदिए दोरा हे मोठे करडे गृहस्थ होते. नव्या वैमानिकाने येताच विमानात चढावे ही गोष्ट त्यांच्या राज्यात शक्यच नव्हती. लष्करात कितीही पराक्रम गाजविलेला असो, प्रत्येक नवख्यास ते प्रथम कारखान्यात धाडीत. तेथे अंगात मळका डगला घालून इंजिने सोडवायची, सिलिंडर घासायचे, तेलाने हात काळे करायचे. आठवड्यांमागून आठवडे जात. झां मेर्मोझ हे पुढे दक्षिण अटलांटिक ओलांडून टपाल नेणारे जगप्रसिद्ध वैमानिक झाले, परंतु १९२४ साली परीक्षेच्या उड्डाणात त्यांनी दोरांना खूष करण्यासाठी आकाशात कोलांट्या मारून दाखविल्या, तेव्हा आम्हाला सर्कशीतले खेळाडू नकोत अशा अर्थाची तंबी देऊन दोरांनी त्यांना पुन्हा, साधेपणाने, सरळ उडून सरळ उतरण्यास लावले. प्रयोगशाळेतील काचेची भांडी धुण्याचा ज्यांना कंटाळा येतो अशा आमच्या शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचण्यास हरकत नाही. घासलेला सिलिंडर पुढे हवेत फुटला तर त्याचा आवाज ओळखणारा माणूस दोरांना हवा होता.

सेंत-एक्झुपेरी यांचीही हीच उमेदवारी झाली. मग एके दिवशी, उद्या स्पेनवरून टपाल न्यायचे असा हुकूम मिळाला. त्या रात्री ते आंरी गियोमे नामक सहकाऱ्याच्या खोलीवर गेले. गियोमे त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, परंतु लाईनवर त्यांच्या अगोदर आलेला. दोघांनी दिव्याखाली स्पेनचा नकाशा पसरला, आणि शाळेतल्या भूगोलात जे कधीच सापडत नाही असे काही गियोमे शिकवू लागला. प्रांतांची नावे नाहीत, लोकसंख्या नाही, राजधानी नाही. अमक्या गावाजवळ शेताच्या बांधावर तीन नारिंगीची झाडे आहेत, त्यांपासून सावध राहा. तमक्या ठिकाणी कुरण मोठे सपाट दिसते, परंतु गवताखालून एक ओढा वाहतो, त्यात चाक अडकेल. आणखी एका जागी मेंढरे अचानक आडवी येतात. डोंगराच्या उतारावर एक शेतकरी व त्याची बायको राहतात, ती दोघे संकटात मदत करतील. अशा खुणा नकाशावर एकामागून एक उमटत गेल्या.

आमच्या मते या चरित्राचे मर्म या खोलीत आहे. ज्याच्यापाशी अनुभव होता तो वयाने लहान होता, ज्याला तो हवा होता तो मोठा, आणि मोठ्याला धाकट्यापाशी विचारण्याची लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी सेंत-एक्झुपेरी निघाले तेव्हा त्या मार्गाचा एक तासही त्यांच्या नावावर नव्हता. तरी तो ओढा त्यांस ठाऊक होता.

पुढे डाकारपर्यंतचा मार्ग त्यांच्याकडे आला. सहाराच्या किनाऱ्यावरील टोळ्या परकी वैमानिकांस पकडून खंडणी मागत, आणि १९२६ साली तर या वाटेवर लाईनचे वैमानिक ठारही झाले होते. म्हणून या टापूत विमाने जोडीने जात, म्हणजे एक खाली पडले तर दुसऱ्याने उतरून त्यातील माणसास उचलावे. १९२७ च्या अखेरीस केप जुबी या एकाकी तळाचे प्रमुख म्हणून त्यांना नेमण्यात आले. एका बाजूस समुद्र, दुसरीकडे अफाट वाळू, शेजारी स्पॅनिश शिपायांचा किल्ला, आणि राहण्यास लाकडी खोपटे. पिंपांवर फळी टाकून लिहिण्याची सोय केलेली. येथे त्यांनी अरबी शिकण्याचा प्रयत्न केला, टोळ्यांच्या प्रमुखांस चहा पाजून स्नेह जोडला, आणि वाळवंटात अडकलेल्या कित्येक सोबत्यांस व विमानांस सोडवून आणले. या कामगिरीबद्दल पुढे फ्रेंच सरकारने त्यांचा लेजिओं दॉनर हा सन्मान देऊन गौरव केला. पहिली कादंबरीही त्यांनी याच खोपटात लिहिली. ती १९२९ साली प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी ते अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेस येथे तेथील टपाल-विमानांच्या संस्थेचे प्रमुख म्हणून गेले. मेर्मोझ व गियोमे हे जुने सोबती तेथेच होते. १९३० च्या जून महिन्यात, म्हणजे त्या गोलार्धातील ऐन हिवाळ्यात, गियोमे टपाल घेऊन चिलीतून अँडीज पर्वत ओलांडण्यास निघाला. ही त्याची ९२ वी खेप होती. हिमवादळाने त्याला खाली दडपले. परंतु पर्वताच्या कुशीतले एक सरोवर त्याच्या ओळखीचे होते. त्याभोवती तो पेट्रोल संपेतो घिरट्या घालीत राहिला आणि अखेर त्याच्या काठी बर्फात उतरला. विमान उलटले. टपालाच्या थैल्या अंगाभोवती रचून त्याने विमानाच्या आडोशाला वादळ काढले, आणि ते ओसरल्यावर तो चालू लागला. दोर नाही, कुऱ्हाड नाही, अन्न नाही. पाच दिवस व चार रात्री तो चालला. आपले शव सापडले नाही तर पत्नीस विम्याचे पैसे मिळण्यास वर्षे लागतील, एवढा एकच हिशोब त्याला पुनःपुन्हा उठवून उभा करीत होता. सेंत-एक्झुपेरी पाच दिवस पर्वतावर घिरट्या घालून त्याला शोधीत होते. अखेर तो जिवंत सापडल्याची वार्ता आली व त्यांनी स्वतः जाऊन त्याला विमानातून परत आणले. ९१ वेळा पार केलेल्या पर्वताने ९२ व्या वेळी त्याची ओळख ठेवली नाही, हे खरे. परंतु सरोवर कोठे आहे हे त्याला त्या ९१ खेपांनीच शिकविले होते.

१९३१ साली त्यांची रात्रीच्या उड्डाणावरील कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला फ्रान्समधील फेमिना हे पारितोषिक मिळाले आणि ते एकाएकी विख्यात झाले. कादंबरीतील कठोर अधिकाऱ्याच्या ठिकाणी दोरांची छाया स्पष्ट दिसते. त्याच वर्षी कोन्सुएलो या मध्य अमेरिकेतील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. परंतु लाईन आर्थिक गोंधळात सापडून मोडली, आणि त्यांच्या वैमानिकी जीवनाचा जो काळ आता सुरू झाला तो गौरवाने सांगण्याजोगा नाही. आम्ही तो झाकणार नाही, कारण आमचा प्रश्न याच ठिकाणी खरा कसोटीस लागतो.

डिसेंबर १९३३ मध्ये सेंत राफाएल येथे एका समुद्रविमानाची चाचणी घेताना, पाण्यावर उतरतेवेळी विमानाची ठेवण कशी असावी याचे अवधान सुटले. विमान उलटले आणि ते बुडता बुडता वाचले. हजारो वेळा जमिनीवर उतरलेल्या हातांस जमिनीचीच सवय झाली होती. २९ डिसेंबर १९३५ रोजी ते प्रेव्हो नामक यंत्रज्ञासह पॅरिसहून सायगावच्या विक्रमी उड्डाणास निघाले. तयारी घाईची होती. वजन वाचविण्यासाठी रेडिओ घेतला नव्हता. उंचीमापक यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगते, आणि दाब तर ठिकाणोठिकाणी बदलतो. त्याची ताजी खबर जमिनीवरून मिळाली नाही तर ते यंत्र निमूटपणे चुकीचा आकडा दाखवीत राहते. अंधारात, ढगांत, नाईल नदी मागे पडली अशा समजुतीने ते खाली उतरू लागले आणि ताशी २७० किलोमीटरच्या वेगाने वाळवंटाच्या एका पठारावर आदळले. गोल गोट्यांवरून विमान घसरत गेले म्हणूनच दोघे वाचले. पाण्याची टाकी फुटून पाणी वाळूत जिरले होते. थोडी कॉफी, थोडे द्राक्षमद्य, काही द्राक्षे आणि एक नारिंग एवढाच शिधा उरला होता. तहानेने भ्रम होऊ लागला, दिसणारी सरोवरे जवळ जाताच नाहीशी होऊ लागली. अखेर चौथ्या दिवशी उंटावरून जाणाऱ्या एका बेदुइनाने त्यांना पाणी पाजले. त्या अनोळखी माणसाच्या ठिकाणी आपणांस सर्व मानवजातीचे मुख दिसले, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये ग्वाटेमाला येथे टाकीत इंधन जास्त भरले गेल्यामुळे जड झालेले विमान धावपट्टीवरून उठलेच नाही. त्या अपघातातील जखमांनी त्यांचा डावा खांदा कायमचा अधू झाला.

हे सर्व अपघात नवशिक्याचे नव्हेत, ही गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री ओढ्याची खूण विचारून घेणारा तरुण आणि रेडिओवाचून रात्रीच्या ढगात शिरणारा ३५ वर्षांचा नामांकित वैमानिक, यांत अधिक तास कोणाचे हे उघड आहे. अधिक सावध कोण होता हेही तितकेच उघड आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे तासांबरोबर जर विचारण्याची सवय वाढली नाही, तर ते तास उलट घातकच. त्यांच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, परंतु आम्हीही त्यांचे चाहतेच आहोत.

१९३९ साली त्यांचे वाळवंट, वारा व माणसे यांवरील पुस्तक प्रसिद्ध होऊन त्यास फ्रेंच अकादमीचे पारितोषिक मिळाले. गियोमेचा भूगोलाचा तो पाठ त्यातच वाचावयास मिळतो, आणि पुस्तक अर्पण केले आहे तेही गियोमेलाच. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा टेहळणीच्या विमानदलात त्यांनी कामगिरी केली. फ्रान्सचा पाडाव झाला. मेर्मोझ १९३६ सालीच अटलांटिकवर नाहीसे झाले होते. २७ नोव्हेंबर १९४० रोजी गियोमेचेही विमान भूमध्य समुद्रावर पाडले गेले. जुन्या सोबत्यांपैकी आता फारच थोडे उरले. सेंत-एक्झुपेरी अमेरिकेस गेले. तेथे एप्रिल १९४३ मध्ये छोट्या राजपुत्राची गोष्ट प्रसिद्ध झाली, आणि ती हातात पडते न पडते तोच ते पुन्हा युद्धावर जाण्यासाठी आफ्रिकेस निघाले.

त्या वेळी त्यांचे वय ४२ होते. जे लाइटनिंग जातीचे विमान त्यांना चालवावयाचे होते, त्यासाठी ठरविलेली वयोमर्यादा त्यांनी केव्हाच ओलांडली होती. उंचावरच्या थंडीसाठी लागणारा जड पोशाख त्यांना एकट्याने अंगावर चढविता येत नसे. विशीतले सहकारी त्यांना हात देऊन विमानात बसवीत. ब्रेगेच्या कॉकपिटात पाहण्याजोगी यंत्रे मोजकीच असत. येथे समोर यंत्रांची भिंतच उभी होती, आणि ती भिंत त्या पोरसवद्या वैमानिकांस त्यांच्याहून लवकर वाचता येई. १ ऑगस्ट १९४३ रोजी उतरताना त्यांचे विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले व मोडले. अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांचे उड्डाण बंद केले. आठ महिने त्यांनी अर्ज केले, वशिले लावले, मिनतवाऱ्या केल्या. अखेर १९४४ च्या वसंतात पाच उड्डाणांची परवानगी मिळाली. ती पाचांची मर्यादाही त्यांनी पाळली नाही. २९ जून १९४४ रोजी, त्यांच्या ४४ व्या वाढदिवशी, एक इंजिन बंद पडले असता शत्रूच्या मुलुखावरून एकाच इंजिनावर ते सावकाश परत आले. त्या दिवशी जुना टपालवाला जागा होता असे म्हणावयास हरकत नाही.

३१ जुलै १९४४ रोजी सकाळी पावणेनऊ वाजता कॉर्सिका बेटावरील बोर्गो तळावरून ते ग्रनोब्लच्या बाजूची छायाचित्रे घेण्यास निघाले. दुपारी अडीच वाजेपर्यंत पुरेल एवढे इंधन होते. अडीच वाजून गेले. सोबती आकाशाकडे पाहत राहिले. विमान आले नाही.

१९९८ साली मार्सेयजवळच्या समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात त्यांचे नाव कोरलेली चांदीची साखळी आली. नंतर रियू बेटाजवळ समुद्रतळाशी विमानाचे अवशेष आढळले, आणि २००४ साली त्यावरील क्रमांकावरून ते त्यांचेच विमान असल्याची खात्री पटली. ते का पडले याचा निर्वाळा त्या अवशेषांवरून देता आला नाही. १९२३ साली ज्या ल बुर्जे तळावर त्यांचा पहिला मोठा अपघात झाला, त्याच तळावरील विमानसंग्रहालयात आता हे तुकडे ठेवले आहेत.